रिसाल्याचं रिव्हॉल्वर आणि जावयाचा मान

माझ्या सासुरवाडीला दसऱ्याला नव्या जावयाच्या हातून बार काढतात. बार म्हणजे हवेत एक गोळी. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला जावई येतो, त्याला फेटा बांधतात, गावाबाहेरच्या आपट्यापर्यंत वाजतगाजत नेतात आणि तिथं तबकातलं रिव्हॉल्वर उचलून तो आभाळाकडे झाडतो. मग लोक पानं लुटतात. चौतीस वर्षांपूर्वी हा मान मलाही मिळाला होता. मी डोळे मिटून घोडा ओढला. उजवा कान दोन दिवस वाजत राहिला आणि मनगट आठवडाभर ठणकलं. सासरे पाठीवर थाप मारून म्हणाले, "शोभलात." कशाला शोभलो, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती.

सासुरवाडी घाटनांदूरच्या अलीकडची. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. जन्मभर पुस्तकांवरची धूळ झटकली म्हणून सासरच्या मंडळींत मी विद्वान समजला जातो. त्याचा उपयोग मुख्यतः लग्नपत्रिकेतल्या चुका काढण्यासाठी होतो.

रिव्हॉल्वर जुनं, इंग्रजी, घोडदळातलं. सहा गोळ्यांचं, हातात घेतलं की वरवंट्याएवढं जड. मुठीच्या तळाला लोखंडी कडी आहे. स्वाराने तिला दोरी ओवून गळ्यात अडकवायची, म्हणजे घोडा उधळला तरी हत्यार खाली पडत नाही. माझ्या सासरच्यांनी त्या कडीत लाल गोंडा बांधलेला आहे. घराण्यात सांगतात ती हकीकत अशी, की पणजोबांनी मोमिनाबादच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाला घोड्यावरून खाली ओढलं आणि हे त्याच्या गळ्यातून हिसकावलं. मोमिनाबाद म्हणजे आमचं अंबाजोगाईच. निजामाच्या पैशावर इंग्रजांनी पोसलेलं घोडदळ तिथं होतं, हे खरं. बाकीचं दर लग्नात थोडं थोडं वाढत आलेलं आहे. माझ्या लग्नात साहेब एक होता. मेहुण्याच्या लग्नापर्यंत तीन झाले.

सासरे गेल्यावर रिव्हॉल्वर मेहुण्यांकडे आलं. मेहुण्यांना सारा गाव भाऊ म्हणतो, मीही म्हणतो. ते पंचायत समितीचे माजी सभापती आहेत. गाडीवरच्या पाटीत 'माजी' हा शब्द वाचायला चष्मा लागतो. त्यांच्याजवळ कमरेला लावायचं एक नवं पिस्तूलही होतं. आपल्या जिल्ह्यात मधली काही वर्षं अशी गेली, की माणसाकडे विहीर आहे की नाही हे कुणी विचारीना, कमरेला काय आहे ते बघायचे. पंगतीत मांडी घालताना टोचतं म्हणून एका पाहुण्यानं पिस्तूल काढून पत्रावळीशेजारी ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे. वाढपी वरणाची बादली घेऊन त्याला वळसा घालून गेला. मला त्या दिवशी भात गेला नाही.

मग परवान्यांची तपासणी सुरू झाली. भाऊंचं पिस्तूल जमा झालं. कंबर मोकळी झाल्यावर त्यांची चालच बदलली, एखाद्याचा दात काढल्यावर बोलणं बदलतं तशी. रिव्हॉल्वरवर मात्र त्यांचा जीव होता. कुणीतरी त्यांना सांगितलं, की एखाद्या जाणकार संग्राहकाने ही पुरातन वस्तू आहे असं लिहून दिलं तर ते राखायला आधार होईल. ते तडक माझ्याकडे आले.

"दाजी, तुमी पुस्तकातलं माणूस. ह्याचा इतिहास लिहून काढा. आन् तुमच्या वळखीचा कुणी अँटिकवाला असंल तर बोलवा."

"इतिहास खरा लिहायचा का?"

"म्हंजी? आपला इतिहास खोटा हाय व्हय?"

माझ्या ओळखीचे एक हैदराबादचे वृद्ध गृहस्थ होते. जुन्या हत्यारांचा नाद, आमच्या ग्रंथालयात छावणीवरचं एक फाटकं पुस्तक बघायला कधीकाळी आले होते, तेव्हापासून पत्रव्यवहार होता. घरचे मराठीच. दसऱ्याच्या आधी आठेक दिवस ते आले. भाऊंनी बैठकीत नवी गादी घातली, काजू मांडले आणि तबकात रिव्हॉल्वर आणलं.

म्हाताऱ्यांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं खोटं निघालं. त्यांनी मुठीचा मागचा भाग खिडकीकडे धरला, भिंगातून पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"हे कशानं घासता?"

"चिंचंनं," भाऊ अभिमानानं म्हणाले. "चिंच आन् राख. वर पॉलिश पेपर. दर दसऱ्याला. आमच्या मंडळीच्या हातची चमक हाय ती. समईपेक्षा जास्त चमकती."

"सरकार, इथं अक्षरं होती."

त्यांनी आम्हाला दाखवलं. लोखंडावर खरवडल्यासारख्या दोनतीन रेघा उरल्या होत्या. तिथं रिसाल्याचा, म्हणजे घोडदळाच्या पलटणीचा आकडा, तुकडीचं अक्षर आणि हत्याराचा क्रमांक कोरलेला असतो, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यावरून हे कुठल्या रिसाल्यात होतं, कधी दिलं गेलं, कधी रद्द झालं, सगळं शोधता येतं. संग्राहकाला हत्यारापेक्षा त्या चार अक्षरांचं मोल जास्त. लोखंडावरचा जुना काळसर रंगही तसाच. तो गेला की वस्तूचं वय गेलं. पुढं म्हणाले, "नळीत काय आहे हे?"

नळीत हळद होती. वर्षानुवर्षांची. खाली हळद, तिच्यावर कुंकू, तिच्यावर तेल, पुन्हा हळद. एखाद्या म्हसोबाच्या दगडासारखी आतून पुटं चढली होती. म्हाताऱ्यांनी काडीनं थोडं टोकरलं. त्याचा खवट, गंजका वास आला आणि समोरचे काजू मी दूर सारले.

"पूजा हाय ती," भाऊ म्हणाले. "साहेबाच्या गळ्यातून वढलेलं हत्यार हाय. पणजोबानं."

म्हातारे गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, असंही असेल. बहुतेक वेळा मात्र छावणी हलली की जुनं सामान हर्राजात, म्हणजे लिलावात जायचं, जीन, रिकिबी, तंबू, निकामी हत्यारं. आसपासचे लोक, छावणीचे पुरवठादार, ते घ्यायचे. हे ऐकताना मी भाऊंकडे बघत होतो. सासऱ्यांनी एकदा शेतात हुरडा खाताना मला सहज सांगितलं होतं, की त्यांचे आजोबा छावणीच्या घोड्यांना कडबा पुरवत. चांगला कडबा पुरवत, असंही म्हणाले होते. मला तो माणूस साहेबाला घोड्यावरून ओढणाऱ्यापेक्षा कितीतरी आवडला. पण कडब्याचा कुणी फ्लेक्स लावत नाही.

मग म्हाताऱ्यांनी गोळ्यांचं चाक फिरवलं, एका घरापाशी थांबले आणि भिंग माझ्या हातात दिलं. दोन घरांमधल्या पातळ भिंतीवर केसासारखी काळी रेघ होती.

"तडा आहे. हे आता झाडायचं नाही. पूजा करा, कपाटात ठेवा. झाडलं तर हातात फुटेल."

"शंभर वरसं फुटलं न्हाई," भाऊ हसले.

"फुटायला एकदाच लागतं," म्हातारे म्हणाले आणि पाणी मागितलं.

त्या वर्षीचा नवा जावई भाऊंचाच होता. थोरल्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात झालं. मुलगा तलवाड्याकडचा, शाळेत गणित शिकवतो. बारीक, अबोल, शर्टाच्या खिशाला कायम खडूची पावडर. म्हातारे हैदराबादला परतल्यावर मी भाऊंना म्हणालो, की यंदा बार नको. ते म्हणाले, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको गावी पोचलो. भाऊ खुशीत होते. जुन्या गोळ्या केव्हाच संपल्या आहेत. कित्येक वर्षं परळीकडचा एक लेथवाला काडतुसांची पितळी टोपणं करून देतो, आणि त्यात विहिरीच्या सुरुंगाची काळी दारू भरतात. ती मोजायचं माप ठरलेलं आहे, घरातल्या चांदीच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण. यंदा भाऊंनी सुधारणा केली होती.

"काळी दारू लई फुसकी, दाजी. नुसता धूर. ह्या बारीला बंदुकीच्या काडतुसातली नवी दारू भरली. आवाज पार घाटनांदूर स्टेशनला जाईल."

"किती भरली?"

"झाकणभर. माप कावून बदलायचं? पणजोबापासून चालत आलंय."

मी ग्रंथपाल आहे, बारूदवाला नाही. पण नवी दारू जुनीच्या कितीतरी पट जोराची असते एवढं पुस्तकातही असतं. मी ते सांगितलं. तड्याची आठवण दिली. त्या पोराचा हात जाईल, असं स्पष्ट सांगितलं.

"तुमचा गेला का?"

"माझ्या वेळी काळी दारू होती. आणि तडा नव्हता."

"तुमच्या वेळी तुमी डोळे मिटले होते. आम्हाला दिसलं होतं ते," भाऊ म्हणाले, आणि बैठकीतले चारपाच जण खदखदून हसले. चौतीस वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

मी जावयाला गोठ्यामागं गाठलं. तो मोबाइलवर उत्तरपत्रिकांचे गुण भरत होता. त्याला सगळं सांगितलं. त्याचा रंग उतरला, पण म्हणाला, "मामा, सासऱ्यांनी तलवाड्याची दोन जीपभर माणसं बोलावलीत. माझे वडील येणार आहेत. आता मी नको म्हटलं तर काय दिसतं?"

"हात तुटल्यावर काय दिसेल?"

"तुम्ही त्यांना सांगा ना. माझ्या नावानं नका सांगू."

त्याची बायको, माझी भाची (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात), धुण्याची बादली घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "मामा, बाबांना हाताबिताचं सांगू नका. त्यांना ते कळत नाही. त्यांना इज्जतीचं सांगा."

पोरगी बापाला ओळखून होती, आणि भाऊंची इज्जत सध्या त्या कागदात होती. मी रात्रीची जेवणं व्हायच्या आत भाऊंना बाजूला घेतलं आणि म्हणालो, की हैदराबादवाल्यांचा फोन आला होता. हत्यार झाडलं असं कळलं तर ते पुरातन म्हणून लिहून देणार नाहीत. आणि उद्या पन्नास मोबाइलवर त्याचं चित्रीकरण होणार आहे.

फोन आला नव्हता. पण भाऊ एकदम गंभीर झाले. जावयाचा हात जाईल हे सकाळपासून तीनदा सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नव्हतं. कागद जाईल म्हटल्यावर अडकित्ता खाली ठेवला.

"मग बार न्हाई काढायचा म्हंता?"

"नाही."

"पर लोकं आवाजाला येत्यात, दाजी."

त्यांनी थोडा विचार केला आणि तोडगा काढला. जावयानं हत्यार वर धरायचं. आपट्यामागच्या बांधाआड एक माणूस बसवायचा. त्यानं त्याच वेळी सुतळी बाँब लावायचा. लांबून कुणाला कळतंय? साहेबाला घोड्यावरून ओढणाऱ्या घराण्यानं हा निर्णय पाच मिनिटांत घेतला. मला किळस आली आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा झाली. अंगणात पाट, पाटावर कुदळ, विळा, कोयता, वजनकाटा, भाऊंच्या मुलाचा लॅपटॉप आणि मधोमध रिव्हॉल्वर. त्याला तुपाचं बोट, हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल नळीत खोचलेलं. मग मिरवणूक निघाली. डीजेची गाडी, भाऊंचा फ्लेक्स, त्यावर भाऊ, भाऊंच्या मागं घोड्यावरचे पणजोबा. पणजोबांचा फोटो नसल्यामुळं भाऊंचाच चेहरा मिशा मोठ्या करून वापरला होता. निवेदक ध्वनिक्षेपकावरून ओरडत होता, "इंग्रजांच्या छातीत धडकी भरवणारं हेच ते हत्यार!" त्या मिरवणुकीत मागच्या बाजूला ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांची वाट धरायला निघालेली कोयत्याची माणसं होती. दोन दिवसांत त्यांच्या गाड्या हलणार होत्या. त्यांच्या कोयत्याची पूजा त्यांनी घरीच उरकली होती, गोंडा न बांधता.

आपट्यापाशी जावई उभा राहिला. फेटा कपाळावर घसरत होता. भाऊंनी तबक पुढं केलं. त्यानं रिव्हॉल्वर उचललं तेव्हा मी दोन हातांवर होतो, आणि मला चाकाच्या घरांतून पितळ चमकताना दिसलं.

मी भाऊंच्या कानात म्हणालो, "भरलेलं आहे."

"मग? रिकामं शस्त्र पुजत न्हाईत, दाजी. अपशकुन असतो."

"पूजा कधीच झाली."

"आता कोण काढत बसतंय? त्यो काय घोडा वढणार हाय थोडाच."

मी जावयाकडे पाहिलं. हळदतुपानं मूठ बुळबुळीत झाली होती आणि ती सुटू नये म्हणून त्यानं बोट नेमकं घोड्यावर अडकवलं होतं. मागं बांधाआड माणूस उदबत्ती फुंकत होता. बाँब अवचित वाजला की हा दचकणार, आणि दचकला की बोट आवळणार, एवढं समजायला कुठल्याही ग्रंथालयाची गरज नव्हती. निवेदकानं मोजायला सुरुवात केली होती. "दहा! नऊ!"

मी पुढं झालो आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "मी थोरला जावई आहे," मोठ्यानं म्हणालो. "आधी माझा मान."

हे खोटं होतं. असा मान नाही. पण जावयाच्या मानाबद्दल चारचौघांत वाद घालायची आमच्याकडे कुणाची छाती होत नाही. निवेदक सातावर थांबला. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली, रिव्हॉल्वर घेतलं, नळी झाडाच्या मुळाकडे वळवली आणि बाजूची झडप उघडली.

हे जुनं हत्यार एकदम रिकामं होत नाही. चाक एक घर फिरवायचं, नळीखालची सळई दाबायची, एक गोळी बाहेर. पुन्हा फिरवायचं. घोडदळाच्या स्वाराला हे दौडत्या घोड्यावर जमत असणार. मला पाचसातशे माणसांसमोर उभ्यानं जमेना. हळदीनं सळई चिकटत होती. पहिली गोळी मातीत पडली. दुसरीला वेळ लागला.

"दाजी, काय चाललंय बे?" मेहुण्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा बे म्हटलं.

"मान घेतोय."

निवेदकाला शांतता सहन होत नव्हती. तो म्हणाला, "आता आपले ज्येष्ठ जावई हत्याराची... हत्याराची पाहणी करत आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं, "गुर्जी, पुस्तकात बघून काढा!" हशा पिकला. बायको बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती. तिसरी निघाली, चौथी निघाली. पाचवी तड्याच्या घरातली होती, ती हलेना. मी सळईवर तळहात दाबला, कातडी सोलवटली, आणि ती सुटली. सहावी नव्हतीच. त्यांनी पाचच बनवून घेतल्या होत्या. तरीही मी सहावं घर दोनदा फिरवून पाहिलं.

पाचही गोळ्या वेचून खिशात टाकल्या आणि रिव्हॉल्वर त्या पोराच्या हातात परत दिलं. "धर आता वर."

त्यानं धरलं. निवेदक पुन्हा दहापासून सुरू झाला. बाँब पाचालाच वाजला. जावई जागच्या जागी उडाला, आणि मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं, बोट आवळलं आणि हातोडी रिकाम्या घरावर खट्कन आपटली. लोकांनी आरोळी ठोकली, डीजे सुरू झाला, पानांवर झुंबड पडली. भाऊंचा चेहरा फुलला होता. संध्याकाळपर्यंत ते चित्रीकरण सगळीकडे फिरलं. त्यात माझा भाग कापला होता आणि आवाजाच्या जागी तोफेचा आवाज घातला होता.

गोळ्या मी परतताना त्या लेथवाल्याकडे नेऊन दिल्या आणि डोळ्यांदेखत रिकाम्या करून घेतल्या. हैदराबादच्या गृहस्थांना सगळं कळवलं. त्यांनी पुरातन म्हणून काही लिहून दिलं नाही. एवढंच उत्तर पाठवलं, की ज्या वस्तूवरची अक्षरं घरच्यांनीच घासून काढली, तिच्याविषयी खात्रीनं काही सांगता येत नाही. मी इतिहास लिहिला. एक पान झालं. कडबा, छावणी, हर्राज. भाऊंनी ते वाचलं आणि तेव्हापासून मला फोन केला नाही.

पण त्याआधी, दसऱ्याच्याच संध्याकाळी, मी ओसरीवर तळहाताला हळद लावून घेत बसलो होतो तेव्हा जावई आला. आभार मानायला आला असेल असं वाटून मी सरकून जागा केली. तो बसला नाही.

"मामा, तुम्ही हे करायला नको होतं."

"काय?"

"सगळ्यांसमोर माझ्या हातातून काढून घेतलं. वडील काय म्हणाले माहितंय? म्हणाले, ह्याला धरतासुद्धा येत नव्हतं म्हणून म्हाताऱ्यानं काढून घेतलं. तलवाड्याला आता वर्षभर हेच. शाळेतली पोरंसुद्धा... एकदाच मिळतो हा मान. तुमचा झाला, माझा घालवलात."

"घोडा ओढलास तू. मी ऐकलं."

"मुद्दाम नाही ओढला!"

"तेच म्हणतोय."

"मग काय झालं असतं? सासरे म्हणतात काही झालं नसतं!"

तो रागानं हात नाचवत होता, माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. उजवा हात, हळदीनं पिवळा, नखांत खडू. मी त्याच्या बोलण्याकडे लक्ष देणं सोडून दिलं आणि बोटं बघत राहिलो. सगळी होती.